कायमचं राहणं : परदेशाने दिलेला शब्द आणि बदललेले नियम

(नारायण पेठ, पुणे येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आज इकडे यायला निघालो तेव्हा केळकर रस्त्यावर ओळखीच्या एक आजी भेटल्या. "आज कशावर बोलणार?" म्हणाल्या. मी सांगितलं, परदेशात कायमचं राहायची परवानगी कुशल माणसाला कशी मिळत गेली, त्याच्या इतिहासावर. त्या म्हणाल्या, "इतिहास राहू द्या हो. आमच्या जावयाचा नंबर कधी लागणार तेवढं सांगा. नात पाच वर्षांची होती इथून गेली तेव्हा. आता अठराची झाली."

तो नंबर मला सांगता येणार नाही. तो सांगणारा कुणी भेटला तर त्याच्यापासून जपून राहा, एवढंच सांगेन. पण तो नंबर का लागत नाही, आणि मुळात ही 'नंबर लागण्याची' भानगड आली कुठून, हे मात्र सांगता येईल. आजी समोर बसल्या आहेत, त्यामुळे आज मला जरा जबाबदारीने बोललं पाहिजे.

सुरुवातीलाच मुद्दा सांगून टाकतो. परदेशात स्थिर व्हायला दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे माणसाचं कौशल्य. शिक्षण, अनुभव, भाषा, वय हे सगळं त्यात आलं. दुसरी म्हणजे त्या देशाने दिलेला शब्द: "या अटी पूर्ण कर, मग राहा." आपल्या घरांत सगळी चर्चा पहिल्या गोष्टीची होते. आयईएल्ट्सचे मार्क किती, डिग्रीचं मूल्यांकन झालं का, पॉइंट किती भरले. इतिहास वाचला की दिसतं, आपली माणसं कौशल्यात क्वचितच कमी पडली. घात झाला तो बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूने. अटी पूर्ण केल्यानंतर अटी बदलल्या.

जायचं ते परत यायला

आपण जिथे बसलो आहोत तिथून केसरीवाडा चालत दोन-चार मिनिटांवर. 'केसरी' आणि 'मराठा' ही दोन पत्रं १८८१ च्या जानेवारीत सुरू झाली. तेव्हा ती या वाड्यात नव्हती. हा वाडा गायकवाडांचा, टिळकांकडे तो नंतर आला. या पत्रांतून राजकारण चालायचं हे आपल्याला माहीत आहे. पण त्यांत यंत्रांवर, कारखान्यांवर, तंत्रशिक्षणावरही खूप मजकूर असायचा. १८८४ मध्ये 'मराठा'ने बॉस्टनच्या एमआयटीचा नमुना पुढे ठेवून लिहिलं, की अशी संस्था आपल्याकडे हवी. एमआयटी तेव्हा जेमतेम वीस-पंचवीस वर्षांची. आणि त्याच्या दोन वर्षं आधी, १८८२ मध्ये, केशव मल्हार भट नावाचा पुण्याचा तरुण तिथे शिकायला पोचलासुद्धा होता. एमआयटीत गेलेला तो पहिला भारतीय विद्यार्थी मानतात.

त्याला व्हिसा लागला नाही. पॉइंट नाहीत, मुलाखत नाही. बोटीचं भाडं आणि हिंमत असली की झालं. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये न्यू यॉर्कला उतरल्या तेव्हाही तसंच. अडवणूक झाली ती इथे, आपल्याकडे. समुद्र ओलांडायचा की नाही, प्रायश्चित्त घ्यायचं की नाही, हे प्रश्न या पेठांमधले होते. अमेरिकेच्या बंदरावर तसा प्रश्न अजून नव्हता.

अजून नव्हता, असं म्हटलं, कारण ज्या १८८२ मध्ये भट तिथे गेले, त्याच वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केला. दार बंद होण्याची ती सुरुवात. आपल्या लोकांचं तिकडे लक्ष जाण्याचं कारण नव्हतं. बंदी दुसऱ्यांवर होती.

त्या पिढीला तिथे राहायचंच नव्हतं, हेही लक्षात घ्या. शिकायचं, परत यायचं, इथे काहीतरी उभं करायचं. आनंदीबाई १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा अमेरिकेत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, पोकीप्सी गावच्या स्मशानभूमीत आहे. पुढे १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात जायला शिष्यवृत्ती दिली, तेव्हा करार लिहून घेतला: शिक्षण झाल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी. पैसे देणाऱ्याला भीती होती की माणूस परत येईल का. आज व्हिसा देणाऱ्याला उलटी भीती असते, की हा परत जाईल का. दोन्ही ठिकाणी माणसाला कुणी विचारत नाही, ही गोष्ट वेगळी.

'गोरा माणूस' ही अट

आता जे राहिले त्यांच्याकडे वळू.

अमेरिकेचा नागरिकत्वाचा पहिला कायदा १७९० चा. त्यात अट होती, की अर्जदार 'स्वतंत्र गोरा माणूस' असावा. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही दार उघडलं. म्हणजे गोरे आले, काळे आले. मधल्या रंगाच्या माणसाचं काय, हे कायद्यात लिहिलेलंच नव्हतं. ते ठरवायचे स्थानिक न्यायाधीश. मुंबईचे पारशी, कापसाच्या व्यापारातले भिकाजी बलसारा यांना १९०९ मध्ये नागरिकत्व मिळालं आणि १९१० मध्ये अपिलातही ते टिकलं. त्यानंतर बऱ्याच भारतीयांनी अर्ज केले. एका गावचा न्यायाधीश हो म्हणायचा, दुसऱ्या गावचा नाही.

१९१७ मध्ये अमेरिकेने आशियाचा मोठा पट्टाच बंद केला, हिंदुस्थानसकट. पण त्या कायद्याला एक खिडकी होती. बंदी मजुरांना, डॉक्टर, वकील, शिक्षक, रसायनतज्ज्ञ, स्थापत्य अभियंते, विद्यार्थी, व्यापारी यांना सूट. कुशल माणूस वेगळा काढायचा, त्याला वेगळी रांग द्यायची, ही पद्धत आज आपण नवीन समजतो. ती या कायद्यात स्पष्ट दिसते. शंभर वर्षांहून जुनी आहे.

या काळातल्या दोन माणसांची नावं आज तुम्ही लक्षात ठेवावीत असं मला वाटतं. एक, शंकर लक्ष्मण गोखले. दुसरे, सखाराम गणेश पंडित.

गोखले विद्युत अभियंते. न्यू यॉर्क राज्यात स्कनेक्टडी नावाचं गाव आहे, जनरल इलेक्ट्रिक कंपनीचं गाव. तिथे ते काम करायचे. त्यांचा विषय चुंबकत्व. लोखंडात चुंबकत्व किती आणि कसं भरतं याच्या नियमावर त्यांनी १९२६ मध्ये अमेरिकी विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात लिहिलं. आजच्या भाषेत सांगायचं तर 'अतिकुशल' वर्गातला माणूस. आणि त्यांना नागरिकत्व मिळालेलं होतं.

त्याच गावात, त्याच कंपनीत एक जगप्रसिद्ध अभियंता होता: चार्ल्स स्टाइनमेट्झ. जर्मन. पाठीला कुबड, उंची बेताची. १८८९ मध्ये तो बोटीने न्यू यॉर्कला उतरला तेव्हा खिशात पैसे नाहीत, इंग्रजी धड येत नाही. अधिकारी त्याला परत धाडायच्या बेतात होते. सोबतच्या मित्राने त्याची जबाबदारी घेतली आणि तो आत आला. पुढे विजेच्या प्रत्यावर्ती प्रवाहाचं गणित त्याने घडवलं. त्याच्या नागरिकत्वावर नंतर कधी कुणी बोट ठेवलं नाही. आला तेव्हा त्याच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं, फक्त कायद्याला हवा तो रंग होता. गोखल्यांकडे दाखवायला सगळं होतं.

१९२३

१९ फेब्रुवारी १९२३. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्याचा निकाल दिला. थिंड पंजाबचे शीख. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. अंगावर गणवेश असताना त्यांना नागरिकत्व मिळालं आणि चार दिवसांत काढून घेतलं. १९२० मध्ये ओरेगनमध्ये पुन्हा मिळालं. सरकार अपिलात गेलं.

थिंड यांच्या बाजूने जे वकील होते त्यांतले एक आपले दुसरे गृहस्थ, सखाराम गणेश पंडित. जन्म अहमदाबादचा, १८७५ चा. १९०६ मध्ये ते अमेरिकेत गेले, थिऑसफीवर व्याख्यानं देत फिरले, पुढे लॉस एंजेलिसला स्थायिक झाले, तिथे वकील झाले. १९१४ मध्ये त्यांना नागरिकत्व मिळालेलं.

आता इथे मला एक अवघड गोष्ट सांगायची आहे, आणि या पेठेत तर सांगितलीच पाहिजे. थिंड यांच्या बाजूने युक्तिवाद काय झाला? की उच्चवर्णीय हिंदू आर्य आहेत, म्हणजे कॉकेशियन आहेत, म्हणजे गोरे आहेत. आणि त्यापुढे जाऊन असं, की उच्चवर्णीय माणूस इथल्या आदिवासींकडे त्याच नजरेने बघतो ज्या नजरेने गोरा अमेरिकन काळ्या माणसाकडे बघतो. त्यांच्याशी लग्नसंबंध तोही करत नाही. म्हणजे आमची जात हाच आमच्या गोरेपणाचा पुरावा! आर्यांच्या मूळ स्थानाची चर्चा तेव्हा सगळीकडे चालू होती. टिळकांचा आर्क्टिकवरचा ग्रंथ १९०३ चाच आहे. विद्वत्तेच्या चर्चेतला सिद्धांत कोर्टात राहण्याचा परवाना म्हणून वापरला गेला.

न्यायालयाने काय म्हटलं? न्यायमूर्ती सदरलंड यांनी सांगितलं, की वंशशास्त्राचे पंडित काहीही म्हणोत, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तो गोरा. आणि सामान्य अमेरिकन हिंदुस्थानी माणसाला गोरा म्हणत नाही. संपलं. दुसऱ्याला खाली ठेवून स्वतः वर चढायची शिडी होती ती, आणि ती चढणाऱ्याच्याच पायाखालून निघाली. आजही बाहेर 'आम्ही बाकीच्यांसारखे नाही, आम्ही कायदा पाळणारे, शिकलेले' असं म्हणायचा मोह आपल्या लोकांना होतो. त्यांनी हा खटला एकदा वाचावा.

पण खरा घाव पुढे आहे. हा निकाल नवीन अर्जांपुरता ठेवला असता तर एक वेळ ठीक. सरकारने मागे जाऊन, आधी रीतसर मिळालेली नागरिकत्वं रद्द करायला दावे लावले. कुणाला सात वर्षं झालेली, कुणाला दहा. ज्यांनी एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही, त्यांना सांगण्यात आलं की तुमचं नागरिकत्व चुकून दिलं गेलं होतं.

नागरिकत्व गेलं की कागदच जातो असं समजू नका. कॅलिफोर्नियात जमिनीचा कायदा असा होता, की जो नागरिक होऊ शकत नाही त्याला शेतजमीन घेता येत नाही. बायको अमेरिकन असेल तर तिचंही नागरिकत्व धोक्यात. 'अपात्र' परदेशी माणसाशी लग्न केलेल्या बाईचं नागरिकत्व जायचं, हा नियम १९३१ पर्यंत होता. पेशावरचे वैष्णो दास बगाई सॅन फ्रान्सिस्कोत दुकान चालवायचे. बायको-मुलांना घेऊन गेले होते, मुलं तिथली झाली होती. त्यांचं नागरिकत्व गेलं. ब्रिटिश प्रजाजन म्हणून राहायचं नव्हतं, म्हणूनच तर ते देश सोडून गेले होते. आता पासपोर्ट हवा तर पुन्हा ब्रिटिशांकडेच जा म्हणून सांगितलं. मार्च १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. जाण्याआधी वर्तमानपत्रासाठी पत्र लिहून ठेवलं. त्यात त्यांनी पैशाअडक्याची तक्रार केली नव्हती. आपला म्हणावा असा देशच उरला नाही, असं त्या पत्राचं सार होतं.

(थोडा वेळ शांतता.)

पंडितांनी काय केलं

सखाराम पंडितांवरही दावा आला. स्वतः वकील. थिंड यांचा खटला ते हरले होते, त्यामुळे 'आम्ही गोरे' हा मुद्दा संपलेला. त्यांनी तो सोडूनच दिला.

त्यांनी वेगळा प्रश्न विचारला. तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. त्यांचं म्हणणं साधारण असं: मी गोरा आहे की नाही हे बाजूला ठेवा. १९१४ मध्ये मी उघड्या कोर्टात अर्ज केला. सरकारचा माणूस हजर होता. त्याने हरकत घेतली, न्यायाधीशांनी दोन्ही बाजू ऐकून निकाल दिला. सरकारने अपील केलं नाही. त्या निकालावर विश्वास ठेवून मी हिंदुस्थानातल्या मालमत्तेवरचा हक्क सोडला, वकिली सुरू केली, घर घेतलं, लग्न केलं. माझ्या बायकोचं नागरिकत्व आणि तिची जमीन माझ्या नागरिकत्वावर उभी आहे. आता नऊ वर्षांनी तुम्ही म्हणता, चूक झाली. चूक तुमची, किंमत माझी. हा कुठला न्याय?

अपील न्यायालयाने १९२६ मध्ये पंडितांच्या बाजूने निकाल दिला. मुद्दा एकदा न्यायालयात लढवून सुटलेला आहे; सरकारला तोच पुन्हा उकरता येणार नाही. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अर्ज ऐकायला नकार दिला, आणि पंडित नागरिक राहिले. त्यानंतर सरकारने अशा दाव्यांतून अंग काढून घ्यायला सुरुवात केली. आपले गोखले? १९२८ मध्ये न्यू यॉर्कच्या अपील न्यायालयाने थिंड यांच्या निकालाचा आधार घेऊन त्यांच्या विरोधात निकाल दिला, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात तो फिरला.

बघा हं. पंडित ज्या मुद्द्यावर जिंकले त्यात ना वंश होता ना कौशल्य. 'दिलेला शब्द मागे घेता येत नाही' हा तो मुद्दा.

रंगाकडून आकड्याकडे

पुढचं जरा भराभर सांगतो. १९४६ मध्ये अमेरिकेने भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क दिला आणि वर्षाचा कोटा ठरवला: १००. अख्ख्या हिंदुस्थानाला शंभर. १९५२ च्या कायद्यात पहिल्यांदा लिहिलं गेलं, की प्रत्येक देशाच्या कोट्यातला निम्मा भाग देशाला निकडीने हव्या असलेल्या उच्चशिक्षित, कुशल लोकांना. शंभरातले निम्मे! ३ ऑक्टोबर १९६५ ला नवीन कायद्यावर सही झाली, जुने वांशिक कोटे गेले, आणि व्यावसायिक शिक्षण घेतलेल्यांना स्वतंत्र पसंतीक्रम मिळाला. आपल्या ओळखीतले ते सगळे डॉक्टर, ते इंजिनिअर, जे साठीच्या शेवटी आणि सत्तरीत गेले, ते या दारातून गेले. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ १९६९ चं आहे, ते उगीच नाही.

कॅनडाचं मला जास्त सांगायचं आहे, कारण आज आपण ज्याला 'पॉइंट' म्हणतो ते तिथलं. १९५० च्या दशकात कॅनडाही भारतातून वर्षाला दीडशे, मग तीनशे असे मोजून घ्यायचा. १९६७ मध्ये त्यांनी गुणपद्धत आणली. शंभर गुण, पन्नासला पास. शिक्षणाला २०. अधिकाऱ्याने मुलाखतीत केलेल्या मूल्यमापनाला १५. तुमच्या धंद्याला तिथे मागणी किती, त्याला १५. कौशल्याला १०, वयाला १०, आधी ठरलेल्या नोकरीला १०, इंग्रजी-फ्रेंचला मिळून १०. नातेवाईक असेल तर ५, जिथे जाणार तिथे कामाची संधी असेल तर ५. बेरीज करून बघा, शंभर होते.

समजा, १९६८ साली आपल्या सीओईपीतून बाहेर पडलेला सत्तावीस वर्षांचा इंजिनिअर. शिक्षणाचे १६ धरा, वयाचे १०, इंग्रजीचे ५, कौशल्याचे १०. झाले ४१. मागणीचे आणि मुलाखतीचे मिळून तीसपैकी नऊ मिळाले की पास! ओळख नको, नोकरी नको, कातडीचा रंग कुठेच लिहायचा नाही. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे घरी बसून, कागद-पेन्सिल घेऊन, अर्ज करण्याआधी त्याला कळत होतं की आपण बसतो की नाही. नियम आधी सांगितलेला, सगळ्यांना एकच, आणि पासाचा आकडा ठरलेला. आपल्या माणसाला परीक्षा समजते हो. शंभरात पन्नास म्हटलं की तो अभ्यासाला लागतो.

आज काय आहे? २०१५ पासून कॅनडाने एक्सप्रेस एन्ट्री आणली. आता गुण बाराशे, आणि पासाचा आकडा ठरलेला नाही. दर फेरीला वेगळा. म्हणजे परीक्षेची स्पर्धा झाली. मार्च २०२५ मध्ये ठरलेल्या नोकरीचे गुण काढून टाकले. ज्याने तेवढ्यासाठी खटपट करून नोकरीचं पत्र मिळवलं होतं, त्याचे पन्नास गुण एका दिवसात गेले. तो काल जितका कुशल होता तितकाच आज होता.

तोच प्रश्न, पुन्हा

इंग्लंडमध्ये तर पंडितांचा प्रश्न जवळजवळ तसाच उभा राहिला. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ मध्ये स्थापन केलं ते न. चिं. केळकरांनी, ज्यांच्या नावाच्या रस्त्यावरून आपण आज इथे आलो. तेव्हा आपण ब्रिटिश प्रजाजन, जायला आडकाठी नव्हती. १९६२ नंतर आडकाठी आली. २००२ मध्ये ब्रिटनने अतिकुशल लोकांसाठी योजना काढली: गुण भरा, नोकरी नसली तरी या, चार वर्षांनी कायमच्या वास्तव्याचा अर्ज करा. इथली घरं विकून लोक गेले. २००६ मध्ये आधी चाराची पाच वर्षं केली, मग नोव्हेंबरमध्ये गुणांचे निकषच बदलले, आणि ते आधीच येऊन राहिलेल्यांनाही लावले. वर्षभर टॅक्स भरणारा माणूस मुदतवाढीच्या वेळी 'अपात्र' ठरायला लागला.

त्या लोकांनी संघटना केली आणि कोर्टात गेले. एप्रिल २००८ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने सांगितलं, की तुम्ही यांना एका अटीवर बोलावलंत, त्यांनी आयुष्य इथे हलवलं. आता मध्येच अट बदलणं अन्यायाचं आहे. २००९ मध्ये चार-पाच वर्षांच्या मुद्द्यावरही त्यांच्या बाजूने निकाल लागला. ऐंशी वर्षांनी, दुसऱ्या देशात, पण पंडितांचाच युक्तिवाद. आणि मे २०२५ मध्ये ब्रिटन सरकारने पुन्हा प्रस्ताव मांडला: पाच वर्षांची दहा करू. वाद पुन्हा तोच, आधी आलेल्यांचं काय?

आता आजी, तुमच्या जावयाकडे येतो. १९९० च्या कायद्याने अमेरिकेत नोकरीच्या आधारावरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० ठरली, आणि कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. यात कुटुंबातली माणसंही मोजली जातात. बारीकशी गोष्ट अशी, की देश म्हणजे पासपोर्टचा देश नाही, जन्माचा देश. उद्या तुमच्या जावयाने कॅनडाचं नागरिकत्व घेतलं तरी तो भारताच्याच रांगेत. बायको दुसऱ्या देशात जन्मलेली असेल तर तिच्या रांगेत जाता येतं, पण तुमची लेक जन्मली ताराचंद रुग्णालयात! (हशा.) त्यामुळे पदव्युत्तर शिकलेल्यांच्या रांगेत भारतीयांचे जे अर्ज २०२५ मध्ये हाताला येत होते, ते २०१३ च्या आगेमागे भरलेले. आइसलंडमध्ये जन्मलेला माणूस तेच काम करत असेल तर त्याची वाट बघण्याची मुदत अगदीच वेगळी. कायद्याने रंग विचारणं बंद केलं, कौशल्य विचारायला लागला. पण रांग लावताना तो अजूनही विचारतो: जन्म कुठला?

आणि नात. ढोबळमानाने सांगायचं तर एकवीस पूर्ण झाली की ती आईबापांच्या अर्जातून बाहेर पडते. काही दिवस वजा करायची सोय २००२ च्या कायद्याने केली आहे, पण ती प्रत्येकाला पुरत नाही. मग तिने विद्यार्थी व्हिसा घ्यायचा, ज्या देशात ती बालवाडीपासून शिकली तिथे. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-वन-बीसाठी एक लाख डॉलर भरायचा हुकूम शुक्रवारी निघाला, तेव्हा सुट्टीवर आलेली किती माणसं त्या रात्री विमानतळाकडे पळाली, ते आपण पाहिलं. तो नवीन अर्जांना आहे हा खुलासा नंतर आला.

शेवटी

आता दार कुणासाठी उघडतंय तेही बदलतंय. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, दहा हजार कुशल माणसं पाठवायचा. त्यात परिचारिका आहेत, इलेक्ट्रिशियन आहेत, प्लंबर आहेत. म्हणजे जर्मन भाषेचे धडे आता आयटीआयच्या मुलांनाही घ्यायचे आहेत. ही चांगली गोष्ट आहे. कुशल म्हणजे फक्त पेठेतला इंजिनिअर, हे संपलं. पण त्या मुलांच्या घरी चार पिढ्यांचा अनुभव नाही, ओळखीचा वकील नाही. त्यांना मी हा इतिहास आधी सांगेन.

काय सांगेन? की कुठल्याही देशाचा नियम म्हणजे निसर्गनियम नव्हे. तो माणसांनी केलेला असतो, निवडणूक आली की बदलतो. दुसरं, कागद जपा. पंडित वाचले ते १९१४ चा निकाल, सरकारची हरकत, न झालेलं अपील हे सगळं कागदावर होतं म्हणून. तिसरं, एकट्याने रडत बसू नका. लंडनची माणसं एकत्र आली म्हणून कोर्टापर्यंत पोचली. आणि चौथं, नंबर लागला नाही तर तो तुमच्या पोराच्या हुशारीचा निकाल नव्हे. हे घरी, फोनवर, त्याला एकदा तरी म्हणून दाखवा. बगाईंना असं म्हणणारं शेवटी कुणी जवळ नव्हतं.



(व्याख्यानानंतर झालेल्या प्रश्नोत्तरांतला एक प्रश्न.)

प्रश्न : मग मुलांना जाऊ द्यायचं की नाही?

उत्तर : जाऊ द्यावं. आपण कोण अडवणार, आणि का? फक्त इथलं दार बंद करून जाऊ नये. बँकेचं खातं, इथल्या पदवीचे मूळ कागद, दोन मित्र आणि मुलांचं मराठी, एवढं चालू ठेवावं. पंडितांनी इथला हक्क सोडला होता आणि तेच त्यांना कोर्टात सांगावं लागलं: आता मी परत कुठे जाऊ? आपल्या पोरांवर हे विचारायची वेळ येऊ नये, इतकंच.